पिछाडीचा रक्षक

जें घडलें त्याची नोंद इतिहास ठेवतो. जें घडूं दिलें गेलें नाहीं त्याची नोंद ठेवण्याची सोय त्याच्यापाशीं नाहीं. किल्ला पडला म्हणजे किल्लेदाराचें नांव बखरींत येतें. तो वर्षानुवर्षें पडला नाहीं तर त्या वर्षांसाठीं बखरकार एक ओळहि खर्ची घालीत नाहीं. फुटबॉलच्या खेळांत बचाव फळींतील खेळाडूची स्थिति अशीच असते. आघाडीच्या खेळाडूनें नऊ संधी दवडल्या व दहावी साधली, तर दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत त्याचें छायाचित्र झळकतें. पिछाडीच्या रक्षकानें नऊ हल्ले परतविले व दहाव्याला त्याचा पाय घसरला, तर तो घसरलेला पायच तेवढा लोकांच्या स्मरणांत राहतो. अशा जागेवर दहा वर्षें काढलेला मनुष्य पुढें सबंध राष्ट्राच्या संघाचा प्रशिक्षक झाला, तर त्या जागेनें त्याला काय शिकविलें हें पाहण्याची जिज्ञासा साहजिकच उत्पन्न होते. जपानचे ताकेशी ओकादा यांचें चरित्र या दृष्टीनें अभ्यास करण्याजोगें आहे. त्यांच्या वांट्याला स्तुति आणि निंदा या दोन्ही सारख्याच मुबलक आल्या, आणि दोन्ही वेळां लोकांनीं हातीं घेतलेलें माप एकच होतें: सामन्याचा निकाल. हें माप पुरेसें आहे काय, हा प्रश्न त्यांच्या चरित्रानें उभा केला आहे. व तो केवळ क्रीडांगणापुरता नाहीं.

ओकादा यांचा जन्म १९५६ च्या ऑगस्टमध्यें ओसाका शहरीं झाला. तेथील तेन्नोजी विद्यालयांत शिकून ते टोकियोच्या वासेदा विद्यापीठांत गेले व राज्यशास्त्र-अर्थशास्त्र या शाखेची पदवी घेऊन १९८० मध्यें फुरुकावा विद्युत् कंपनीच्या नोकरींत शिरले. ‘नोकरींत शिरले’ हे शब्द येथें मुद्दाम योजले आहेत. जपानांत १९६५ सालीं फुटबॉलची राष्ट्रीय साखळी सुरू झाली ती मोठमोठ्या कंपन्यांच्या संघांची. खेळाडू हा आधीं कंपनीचा नोकर व मग खेळाडू. जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रामर यांनीं या हौशी खेळाडूंना शिस्त लावली आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्यें जपाननें कांस्यपदक मिळविलें. पण त्या पदकानंतर जणूं विहीरच आटली. बेसबॉलच्या लोकप्रियतेपुढें फुटबॉल मागें पडला, सामन्यांना प्रेक्षक जमेनासे झाले, आणि विश्वचषकाची अंतिम फेरी ही तर दुसऱ्यांनीं खेळावयाची व जपाननें दुरून पाहावयाची गोष्ट होऊन बसली.

ओकादा यांची खेळाडू म्हणून सारी कारकीर्द या कोरड्या काळांतली आहे. फुरुकावा संघाच्या बचाव फळींत ते १९८० पासून १९९० पर्यंत खेळले. राष्ट्रीय संघाकडून ते २४ सामने खेळले व त्यांत त्यांचा एक गोल झाला. फुरुकावा संघानें १९८५-८६ ची साखळी जिंकली आणि १९८६ ची आशियांतील क्लब-विजेतेपदाची स्पर्धाहि जिंकली. जपानी संघाला तो मान प्रथमच लाभत होता. परंतु हें यश मिळालें तें अर्ध्या रिकाम्या मैदानांच्या काळांत, आणि म्हणून त्याचा गाजावाजा झाला नाहीं. पुढें १९९३ मध्यें व्यावसायिक ‘जे लीग’ सुरू झाली, मैदानें भरूं लागलीं, खेळाडू घरोघर ठाऊक झाले; तोंवर ओकादा खेळांतून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनीं जर्मनींत जाऊन प्रशिक्षणविद्येचा अभ्यास केला व आपल्याच जुन्या संघांत दुय्यम प्रशिक्षकाचें काम पत्करलें. ज्या पिढीनें विहीर खणावी व पाणी लागल्यावर बाजूला व्हावें, त्या पिढीचे ते प्रतिनिधि होते.

जे लीग सुरू झाली त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्यें दोहा येथें इराकविरुद्ध जपानचा पात्रता-सामना झाला. दोन विरुद्ध एक अशी आघाडी असतां, सामना संपतां संपतां, एका कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर इराकनें बरोबरी साधली आणि विश्वचषकाचें दार जपानच्या तोंडावर बंद झालें. ‘दोहाची शोकांतिका’ हें त्या रात्रीला पडलेलें नांव जपानांत आजहि लहानथोरांच्या तोंडीं आहे. पुढच्या पात्रता-स्पर्धेंत हा डाग धुवून काढावयाचाच, असा सर्व राष्ट्राचा हट्ट होता. शू कामो हे त्या वेळीं मुख्य प्रशिक्षक होते आणि ओकादा त्यांचे दुय्यम सहकारी. १९९७ च्या सप्टेंबरमध्यें अंतिम फेरीची सुरुवात उझबेकिस्तानवरील ६-३ अशा विजयानें झाली. पण पुढें संयुक्त अरब अमिरातीशीं बरोबरी, टोकियोंत दक्षिण कोरियाकडून पराभव, आणि ४ ऑक्टोबरला कझाकस्तानांत पुन्हां बरोबरी. परदेशाच्या त्या दौऱ्यावर असतांच कामो यांना दूर करण्यांत आलें, आणि पूर्वीं कोणत्याहि संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून एक दिवसहि काम न केलेल्या, एकेचाळीस वर्षांच्या ओकादांच्या हातीं राष्ट्रीय संघ सोंपविण्यांत आला.

पहिले दोन सामने पुन्हां बरोबरींत सुटले. टोकियोंतील दुसऱ्या सामन्यानंतर संतापलेल्या प्रेक्षकांनीं मैदानाबाहेर गोंधळ घातला. चष्मा लावून मैदानाच्या कडेला उभे असलेले ओकादा एखाद्या शाळामास्तरासारखे दिसत, आणि शाळामास्तराला बोल लावणें जगांत सर्वत्र सोपें असतें. परंतु संघ सावरला. सोलमध्यें कोरियावर २-० आणि मायदेशीं कझाकस्तानवर ५-१ असे विजय मिळवून जपाननें गटांत दुसरें स्थान गांठलें. आतां मलेशियांतील जोहोर बाहरू येथें, त्रयस्थ भूमीवर, इराणशीं एकच सामना उरला होता. त्या आदल्या रात्रीं ओकादांनीं पत्नीला दूरध्वनीवरून सांगितलें कीं, उद्यां हरलों तर आपल्याला कांहीं काळ जपानांत राहतां येणार नाहीं, याची मनाशीं तयारी ठेव. ही हकीकत त्यांनीं पुढें स्वतःच सांगितली आहे. आणि त्यानंतर आपलें मन कसें हलकें झालें तेंहि सांगितलें आहे. एका रात्रींत आपण थोर प्रशिक्षक होणार नाहीं. आज जेवढी शक्ति आहे तेवढी सर्व लावावी, त्यापलीकडे आपला इलाज नाहीं, असा विचार त्यांच्या मनांत आला. गीता वाचणाऱ्या घरांत हा विचार नवा नाहीं. परंतु तो पोथींत वाचणें निराळें, आणि सबंध राष्ट्र रागानें पाहत असतां त्याच्या आधारानें एक रात्र काढणें निराळें.

१६ नोव्हेंबर १९९७ चा तो सामना जपानी फुटबॉलचा उंबरठा म्हटला पाहिजे. नाकायामानें जपानला आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धांत अझिझी व दाई यांनीं इराणला पुढें नेलें. त्रेसष्टाव्या मिनिटाला ओकादांनीं आघाडीचे दोन्ही खेळाडू, नाकायामा आणि काझुयोशी मिउरा, एकाच वेळीं बाहेर बोलावले. मिउरा म्हणजे त्या काळच्या जपानी फुटबॉलचा राजाच. पंधराव्या वर्षीं एकटा ब्राझीलला जाऊन खेळ शिकलेला, जे लीगच्या उदयकाळीं मुलांच्या खोल्यांतील भिंतींवर ज्याचें चित्र लागे, असा हा पुरुष. त्याच्याऐवजीं आलेल्या दोघांपैकीं जो यानें बरोबरीचा गोल केला. सामना जादा वेळांत गेला. त्या वेळांत जो संघ पहिला गोल करील तो विजयी, असा त्या काळचा नियम होता. राखून ठेवलेला वेगवान ओकानो आतां मैदानांत उतरला; त्यानें आधीं सोप्या संधी वायां घालविल्या, आणि अखेर ११८ व्या मिनिटाला, वीस वर्षांच्या नाकाताचा फटका इराणच्या गोलरक्षकाच्या हातून सुटतांच, त्यानें चेंडू जाळ्यांत ढकलला. जपान प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरलें. ज्या निर्णयाबद्दल पराभवानंतर ओकादांना देशांत तोंड दाखवितां आलें नसतें, तोच निर्णय रातोरात दूरदृष्टीचा ठरला.

सात महिन्यांनीं याच निर्णयाचा दुसरा भाग आला. विश्वचषकापूर्वीं ओकादा पंचवीस खेळाडू घेऊन स्वित्झर्लंडांत गेले होते. नियमाप्रमाणें बावीसच ठेवतां येणार होते. २ जून १९९८ रोजीं त्यांनीं वगळलेल्या तिघांचीं नांवें जाहीर केलीं. त्यांत मिउराचें नांव होतें. विश्वचषकाचें स्वप्न ज्यानें सर्वांत आधीं उघडपणें पाहिलें, त्यालाच दारावरून परत पाठविण्यांत आलें, याचा धक्का जपानला फार मोठा बसला.  पुढें फ्रान्समध्यें अर्जेंटिनाशीं ०-१, क्रोएशियाशीं ०-१ व जमेकाशीं १-२ असे तिन्ही सामने जपान हरलें; शेवटच्या सामन्यांत नाकायामानें केलेला गोल हा विश्वचषकांतील जपानचा पहिला गोल. एक विजय, एक बरोबरी, एक पराभव असें लक्ष्य ओकादांनीं स्पर्धेपूर्वीं जाहीर केलें होतें. तें साधलें नाहीं आणि ते पदावरून बाजूला झाले.

आतां या निर्णयाचा विचार शांतपणें करूं. पात्रतेच्या अंतिम फेरींत मिउरानें पहिल्याच सामन्यांत चार गोल केले होते हें खरें. पण त्यानंतर त्या फेरींत त्याचा एकहि गोल झाला नव्हता. उलट अठरा वर्षांच्या ओनोला ओकादांनीं संघांत घेतलें होतें, म्हणजे त्यांची दृष्टि उद्यांकडे होती. खेळाच्या हिशेबानें निर्णय अविचाराचा नव्हता. दुसरी बाजू अशी कीं, इतक्या थोर खेळाडूला उंबरठ्यापर्यंत आणून मग परत पाठविणें ही रीति कठोर होती. निवड मायदेशींच झाली असती तर घाव तेवढाच बसला असता, पण त्याची शोभा झाली नसती. हे दोन्ही आक्षेप-समर्थन सामना खेळण्यापूर्वींहि जितके खरे होते तितकेच सामन्यानंतरहि खरे राहिले. मात्र लोकांनीं असा विचार केला नाहीं. जोहोर बाहरूला मिउराला बाहेर बोलावणें बरोबर ठरलें, कारण जपान जिंकलें; फ्रान्सला त्याला न नेणें चूक ठरलें, कारण जपान हरलें. मिउरा संघांत असता तर अर्जेंटिनाचा बचाव भेदला गेला असता काय, हें सांगण्याचें साधन कोणापाशींच नव्हतें. निर्णय घेणाऱ्याला त्या क्षणीं काय ठाऊक होतें व त्यानें त्याचा विचार किती प्रामाणिकपणें केला, हेंच त्याच्या न्यायाचें माप असलें पाहिजे. इतिहासाच्या अभ्यासकांनीं पानिपतापासून आजपर्यंतच्या सर्व सेनापतींना हेंच माप लावावें, अशी अपेक्षा आहे. तें पाळणारे थोडे.

ओकादांनीं यानंतर पत्करलेलें काम त्यांच्या स्वभावाचें द्योतक आहे. १९९९ मध्यें ते होक्काइदो बेटावरील साप्पोरोच्या दुसऱ्या श्रेणींतील संघाकडे गेले. पहिल्या वर्षीं बढती मिळाली नाहीं. २००० मध्यें संघानें श्रेणीचें विजेतेपद मिळवून वरची पायरी गांठली व पुढील वर्षीं तेथें टिकूनहि राहिला. २००३ मध्यें ते योकोहामा एफ. मारिनोसचे प्रशिक्षक झाले. त्या काळीं हंगामाचे दोन भाग असत. मारिनोसनें दोन्ही भाग जिंकल्यामुळें निर्णायक सामन्याची गरजच उरली नाहीं. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या सामन्यांत गोलरक्षकाला प्रारंभींच मैदानाबाहेर काढण्यांत आलें असतां, दहा खेळाडूंनिशीं खेळून संघानें अखेरच्या क्षणीं विजय खेंचून आणला. २००४ मध्येंहि विजेतेपद मारिनोसकडेच राहिलें. फ्रान्सहून अपयशाचा शिक्का घेऊन परतलेल्या मनुष्याला आतां लोक कुशल म्हणूं लागले.

२००७ च्या नोव्हेंबरमध्यें राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक इविचा ओसिम यांना पक्षाघाताचा झटका आला, आणि पुन्हां एकदां दुसऱ्यानें अर्धवट सोडलेलें ओझें ओकादांच्या खांद्यावर आलें. जून २००९ मध्यें ताश्कंद येथें उझबेकिस्तानला हरवून जपान विश्वचषकाला पात्र ठरलें. बारा वर्षांपूर्वीं ओकादांनीं मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिला सामना याच शहरीं पाहिला होता. या वेळीं त्यांनीं उपांत्य फेरीचें लक्ष्य जाहीर केलें आणि त्यांची मनसोक्त टवाळी झाली. टवाळीला आधारहि मिळत गेला. २०१० च्या एप्रिलमध्यें सर्बियानें जपानला मायदेशीं ०-३ असें हरविलें. २४ मे रोजीं निरोपाच्या सामन्यांत कोरियानें ०-२ असें हरविलें. त्या रात्रीं ओकादांनीं संघटनेच्या अध्यक्षांना, मीं पुढें काम करावें काय, असें विचारलें. त्यांना राहण्यास सांगण्यांत आलें. नंतर इंग्लंडशीं झालेल्या सामन्यांत जपान १-२ असें हरलें. इंग्लंडचे दोन्ही गोल जपानच्याच मुख्य बचावपटूंकडून, तुलिओ व नाकाझावा यांच्याकडून, स्वतःच्या जाळ्यांत गेलेले होते.

अशा वेळीं मनुष्य दोन गोष्टी करूं शकतो: आपल्या मताला चिकटून बुडावें, किंवा तें मत टाकून द्यावें. चपळ हालचालींनीं चेंडू आपल्याकडे ठेवण्याचें जें धोरण ओकादांनीं अडीच वर्षें शिकविलें, तें त्यांनीं स्पर्धेच्या तोंडावर बाजूला ठेवलें. बचाव फळीच्या पुढें आबे या खेळाडूला पहारेकरी म्हणून उभें केलें, गोलरक्षक बदलला, कर्णधारपद नाकाझावाकडून तरुण हासेबेकडे दिलें, ज्येष्ठ शुन्सुके नाकामुराला बाहेर बसविलें, आणि होंडाला, जो मुळांत मध्य फळीचा, आघाडीवर एकटें धाडलें. हे सगळे निर्णय रुचकर नव्हते. परंतु त्यांमागील बुद्धि जुन्या बचावपटूची होती: प्रथम घर राखावें, मग बाहेर पाहावें.

ब्लूमफाँटेनला कॅमेरूनवर १-० असा विजय मिळाला. परभूमीवरील विश्वचषकांत जपानचा हा पहिला विजय होय. नेदरलँड्सनें ०-१ असें हरविलें. रुस्टेनबर्गला डेन्मार्कविरुद्ध होंडा आणि एंदो यांनीं दोन फ्री किकवर दोन अप्रतिम गोल केले व जपान ३-१ असें जिंकलें. बाद फेरींत पॅराग्वेशीं एकशेंवीस मिनिटें गोलाविना गेलीं. पेनल्टींत जपान ३-५ असें हरलें. बचाव फळींतील युइची कोमानो याचा फटका आडव्या दांडीवर आदळला. चारहि सामन्यांत उजव्या बाजूनें येणारे हल्ले परतविणारा हा खेळाडू. पण जगाला त्याचा ओळखीचा क्षण उरला तो दांडीवर आदळलेल्या चेंडूचा. ओकादांची वर्तमानपत्रांनीं क्षमा मागितल्यासारखी स्तुति केली. मे महिन्यांत ज्या मनुष्याला हांकलावयास निघाले होते, त्यालाच जून अखेरीस डोक्यावर घेतलें. मधल्या काळांत तो मनुष्य पालटला नव्हता. निकाल पालटले होते.

२०१२ व २०१३ या वर्षीं त्यांनीं चीनमधील हांगचौच्या संघाला प्रशिक्षण दिलें, आणि तेथून परतल्यावर मोठ्या पदाकडे पाठ फिरवून एक अगदीं निराळें काम आरंभिलें. शिकोकू बेटावर, एहिमे प्रांतांत, इमाबारी नांवाचें शहर आहे. टॉवेलांचा व्यवसाय आणि जहाजबांधणी यांवर त्याचा चरितार्थ चालतो. लोकसंख्या घटत चाललेली. तेथील फुटबॉल-संघ तेव्हां पांचव्या श्रेणींत, म्हणजे प्रादेशिक साखळींत, खेळत होता. २०१४ मध्यें ओकादांनीं त्याचे एकावन्न टक्के भाग विकत घेतले. यामागें एक शंका होती. एका स्पॅनिश प्रशिक्षकाशीं बोलतांना त्यांना कळलें कीं, स्पेनमध्यें मुलांना खेळाचीं तत्त्वें सोळाव्या वर्षापर्यंत पक्कीं शिकवितात व त्यानंतर त्यांना मोकळें सोडतात. जपानांत मात्र लहानपणीं मुलांना वाटेल तसें खेळूं देतात आणि मोठेपणीं डावपेंच कोंबतात. मग ऐन सामन्यांत खेळाडू कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाच्या तोंडाकडे पाहतो. जपानी कलापरंपरेंत शिक्षणाच्या तीन पायऱ्या सांगतात: नियम पाळणें, नियम मोडणें, आणि नियमापासून अलग होणें. आमच्या गायकींतहि पलटे वर्षानुवर्षें घोंटून झाल्यावरच गवय्याला स्वतःची बढत करण्याचा अधिकार येतो. ओकादांनीं हीच पद्धति मुलांच्या फुटबॉलसाठीं बांधली व २०१९ मध्यें ‘ओकादा मेथड’ या नांवाच्या ग्रंथांत मांडली.

ज्या प्रशिक्षकाला आपले निर्णय खेळाडूंवर लादून यश मिळालें, त्यानेंच उत्तरायुष्यांत निर्णय स्वतः घेणारे खेळाडू घडविण्याचा ध्यास घ्यावा, हें वरवर विसंगत वाटतें. माझ्या मतें यांत विसंगति नाहीं. मिउराला परत पाठविण्याचा, नाकामुराला बसविण्याचा भार एकट्यानें वाहिलेल्या मनुष्यालाच पुरतें कळतें कीं, अकरा जणांचें डोकें एकाच माणसाच्या खांद्यावर असणें हें संघाचें दारिद्र्य आहे. संकटांत तसें करावें लागतें. पण तीच राष्ट्राची रीति होऊन बसली तर प्रत्येक पिढी संकटांतच जन्म घेईल.

इमाबारीचा संघ हळूहळू एकेक पायरी चढला. २०२० मध्यें तो जे लीगच्या तिसऱ्या श्रेणींत दाखल झाला. २०२३ मध्यें त्याचें स्वतःचें मैदान उभें राहिलें. २०२४ मध्यें ओकादांच्या नेतृत्वाखालीं एक माध्यमिक विद्यालय सुरू झालें, आणि त्याच वर्षाअखेर संघाला बढती मिळून २०२५ च्या हंगामांत तो दुसऱ्या श्रेणींत खेळूं लागला. या चढणीच्या मधल्या वर्षीं, २०१९ मध्यें, या लहान गांवच्या संघांत एक वयस्क बचावपटू येऊन दाखल झाला. तो म्हणजे युइची कोमानो, ज्याचा चेंडू दांडीवर आदळला होता तो. २०२२ मध्यें त्यानें याच संघाकडून खेळून निवृत्ति घेतली. एका फटक्यावरून ज्याचें मोल ठरलें, त्याला ओकादांच्या अंगणांत आणखी चार वर्षें पिछाडी राखण्याचें काम मिळालें. तीं चार वर्षें कोणी फारशीं मोजलीं नाहींत, कारण त्यांत सांगण्याजोगें फारसें घडलें नाहीं. आणि बचावपटूच्या बाबतींत हीच प्रशंसा समजावयाची असते.